नळ आणि नाली : गावच्या पाण्याचं काम नव्यानं हाती घेणाऱ्यांसाठी

जलसुरक्षक म्हणून तुमचं नाव लागलं किंवा पाणीपुरवठा समितीत तुम्हाला घेतलं, की दुसऱ्या दिवशी कोणीतरी किल्ल्यांचा जुडगा हातात ठेवतो. मोटरघराची किल्ली, टाकीच्या जिन्याची किल्ली, सोबत व्हॉल्व्ह फिरवायचा लोखंडी पाना. नकाशा कोणी देत नाही, कारण तो नसतोच. माझ्या हाती जुडगा आला तेव्हा त्यात एक किल्ली अशी होती, जिचं कुलूप मला आजवर सापडलं नाही.

विदर्भातलं पाच-सहा हजार वस्तीचं गाव डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. एक-दोन विहिरी, एक उंच टाकी, दिवसाआड सुटणारे नळ, सिमेंटच्या नाल्या आणि गावाच्या खालच्या अंगाला नाला. तुमच्याकडे नगरपंचायत असेल तर कागद वेगळे असतील, पाणी तसंच वागेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे नळाचं काम एका माणसाकडे असतं आणि नालीचं दुसऱ्याकडे. गॅस्ट्रोची साथ मात्र नळ आणि नाली जिथं एकमेकांना भेटतात तिथं सुरू होते, आणि ती जागा कोणाच्याच कामात येत नाही. ती तुम्ही आपल्या कामात घ्या.

आधी आठवडाभर पायी फिरा

मोटरला हात लावण्याआधी विहिरीपासून शेवटच्या नळापर्यंत आणि तिथून नाली नाल्याला मिळते तिथपर्यंत चालत जा. जुना व्हॉल्व्हमन असेल तर त्याला सोबत घ्या. अशा काकाजींना पाइप कुठून गेला हे पायाला कळत असतं. ‘इथं बाभूळ होती, तिच्या बुडाखालून लाइन फिरवली,’ असं ते सांगतील. बाभूळ आता नसते, तरी लिहून घ्या. शाळेच्या ड्रॉइंग कागदावर गावाच्या गल्ल्या काढा आणि त्यावर निळ्या पेननं पाइप, लालनं व्हॉल्व्ह, काळ्यानं नाली. जिथं निळी रेघ काळीला ओलांडते तिथं गोल करा. या गोलांचं काम पुढं पडणार आहे. माझ्या गावात पहिल्या मोजणीत असे एकसष्ट गोल निघाले, आणि घरोघरच्या नळजोडण्या तेव्हा मोजलेल्याच नव्हत्या.

योजना पूर्ण झाल्यावर ठेकेदारानं नकाशा द्यायचा असतो. आम्हाला मिळाला त्यात टाकी गावाच्या दुसऱ्याच बाजूला दाखवलेली होती. तेव्हा मिळालेला नकाशाही पायानं तपासा.

विहिरीची वही

दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजा. दोरीला दगड बांधून मोजली तरी चालेल, दोरी मात्र दर वेळी तीच हवी. दोन आकडे घ्यायचे : पहाटे मोटर लावण्याआधीचा, आणि मोटर दोन तास चालल्यावरचा. पहिला आकडा भूगर्भात पाणी किती आहे ते सांगतो, दुसरा विहिरीला झिरपा किती आहे ते. पश्चिम विदर्भात खाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या सांध्या-भेगांतून येतं, सावकाश येतं. अशा विहिरीवर मोटर सलग सहा तास चालवण्यापेक्षा तीन तास चालवून चार तास थांबा आणि पुन्हा तीन तास चालवा. पाणी तेवढंच मिळतं आणि मोटर कोरडी पडत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. आपल्या भागातली निरीक्षण विहीर कोणती ते विचारून ठेवा आणि तिचे आकडे आपल्या वहीशेजारी लिहा. दोन्ही पातळ्या सारख्या उतरत असतील तर पाऊस कमी झाला म्हणायचं. आपलीच उतरत असेल तर शेजारी कोणाचा तरी बोअर जोरात चालू आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंदीची तरतूद १९९३ च्या कायद्यापासून आहे. भांडायला जाताना ही वही काखेत असलेली बरी.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची गोष्ट थोडी वेगळी. तिथं बऱ्याच गावांची विहीर मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीखाली असते. तलावात गाळ किती साचला हा मग शेतीचा प्रश्न राहत नाही, तुमच्या नळाचा होतो.

पाण्याचा स्वभाव मात्र बोअर घेण्याआधी तपासायचा. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, बुलढाणा आणि अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, जमिनीतलं पाणीच खारट आहे, खोल बोअर हा उपाय नाही. तिथं लांबच्या धरणातून आणलेल्या पाण्यावरच भागतं, अकोल्याची ८४ खेडी योजना त्यातलीच. यवतमाळच्या पांढरकवडा, झरी-जामणी भागात आणि चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड, आणि पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे. भारतीय मानक १०५०० प्रमाणे फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. ही दोन्ही उकळून जात नाहीत, ब्लिचिंगनंही जात नाहीत. उकळल्यानं पाणी आटतं आणि ती वाढतात. आपल्या आयाबाया तान्ह्या लेकरासाठी पाणी उकळून ठेवतात, म्हणून हे त्यांना घरोघर जाऊन सांगावं लागतं.

मोटर : लिटर मोजा, मग युनिट मोजा

जल जीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर. ६००० माणसांना ३ लाख ३० हजार लिटर लागतात. गावात ढोरंही आहेत, हे त्या मापात धरलेलं नाही, ते तुम्ही धरा.

मोटर तासाला किती पाणी देते हे तिच्यावरच्या पाटीवर वाचू नका, टाकीत मोजा. टाकीचा खालचा व्हॉल्व्ह बंद करून एक तास मोटर चालवायची आणि पाणी किती चढलं ते पाहायचं. गोल टाकीचा आतला व्यास ८ मीटर असेल तर तळ साधारण ५० चौरस मीटर होतो, म्हणजे १० सेंटिमीटर पाणी चढलं की ५००० लिटर. तासात ६० सेंटिमीटर चढलं तर मोटर ३० हजार लिटर देते आणि गावाची गरज भागवायला ती ११ तास चालली पाहिजे. तुमच्या फीडरवर, म्हणजे मोटरला वीज देणाऱ्या लाइनवर, तेवढे तास लाइट असते का? मोटर शेतीच्या फीडरवर असेल तर नसते. गावाला पाणी पुरत नाही याचं कारण पुष्कळदा विहिरीत नसून फीडरमध्ये असतं, आणि लोक नवी विहीर मागत राहतात.

आता मीटर. १० एचपीची मोटर तासाला साधारण ९ युनिट घेते. ३० हजार लिटरला ९ युनिट, म्हणजे हजार लिटरला ०.३ युनिट. हा आकडा दर आठवड्याला काढून मोटरघराच्या भिंतीवर खडूनं लिहा. तो ०.४ कडे सरकायला लागला की समजा, कुठंतरी पाणी वाया जातं आहे किंवा पंप थकला आहे. कॉलम पाइपला भोक पडलं असेल, विहिरीपासून टाकीपर्यंतची रायझिंग लाइन फुटली असेल, नाहीतर पंपाची चाकं झिजली असतील. मोटर जळाल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. भर मे महिन्यात मोटर जळाली तर वाइंडिंगवाल्याकडे रांग असते, आणि गाव चार दिवस तुमच्या दारात.

पॅनलमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारा डबा, चालू आहे ना, ते पाहा. बऱ्याच ठिकाणी तो असतो, पण ‘सारखा ट्रिप होते’ म्हणून कोणीतरी वायर जोडून त्याला बाजूला काढलेलं असतं. कपॅसिटर फुगला असेल तर बदला, तो मेला की बिल वाढतं. आणि ब्लिचिंगची पोती मोटरघरात ठेवू नका. त्या वाफेनं पॅनलमधलं तांबं हिरवं पडतं. जागा नाही म्हणून सगळे तिथंच ठेवतात, मीही ठेवत होतो, आणि दोन स्टार्टर गेल्यावर शहाणा झालो.

टाकीवर : टीसीएल

टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. ती ताजी असते तेव्हा तिच्यात ३३ टक्के क्लोरीन असतो. आपल्या उन्हाळ्यात, पोतं उघडं राहिलं तर तो पाहता पाहता उतरतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर म्हणजे चुन्याची पावडर. आरोग्य विभागाकडे नमुना पाठवून टक्केवारी कळते. पोतं घेताना बनवल्याची तारीख वाचा, एकदम वर्षाचा साठा करू नका, आणि पोतं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फळीवर ठेवा.

माप : १००० लिटरला ५ ग्रॅम. दीड लाख लिटरच्या टाकीला ७५० ग्रॅम. पावडर पूर्ण ताकदीची असेल तर यातून लिटरला सुमारे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो, २० टक्क्यांची असेल तर १ मिलिग्रॅम. नवा माणूस हमखास एक चूक करतो. पावडर ओंजळीनं थेट टाकीत टाकतो. मग चुना तळाशी बसतो, क्लोरीन एकाच कोपऱ्यात राहतो, आणि टाकीजवळच्या चार घरांना औषधासारखं पाणी जातं तर टोकाच्या घरांना काहीच नाही. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली भरा, ढवळा आणि अर्धा तास निवू द्या. वरची निवळी तेवढी टाकीत ओता आणि तीही टाकी भरत असताना, पाणी पडतं त्या धारेत, म्हणजे आपोआप मिसळेल. खालचा चुना टाकीत जाऊ देऊ नका. त्यानंतर किमान अर्धा तास नळ सोडायचा नाही. सकाळी सहाला पाणी सोडायचं असेल तर पाचला टाकीवर चढावं लागतं. बाकी काम दुसऱ्यावर सोपवलं तरी हे सोपवू नका. नाकातोंडाला दुपट्टा बांधा, हात धुवा.

मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला का ते पाहणं. ती टाकीखालच्या नळावर करून वहीत ‘पॉझिटिव्ह’ लिहिणारे पुष्कळ आहेत. करायची ती गावाच्या सगळ्यात शेवटच्या नळावर. नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. लगेच पिवळा रंग आला तर मोकळा क्लोरीन आहे. रंग सावकाश, दोन-चार मिनिटांनी आला तर क्लोरीन घाणीशी लढून थकलेला आहे. शेवटच्या नळाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम पाहिजे. टाकीखाली रंग गडद आणि टोकाला काहीच नाही, असं दिसलं की पावडर वाढवण्याआधी मधली गल्ली तपासा. क्लोरीन वाटेत कुठंतरी खर्च झालेला आहे, आणि एवढा खर्च तो सहसा घाण भेटल्यावरच होतो. टेस्टचं पाणी फेकून द्या, ते औषध चांगलं नाही.

लोक तक्रार करतील. ‘भाऊ, पाण्याले औषधाचा वास येऊन राह्यला.’ वाद घालू नका. भांडं दोन तास उघडं ठेवायला सांगा, वास जातो. वास येत नाही अशी तक्रार कोणी करत नाही, खरं म्हणजे काळजी त्या दिवशी करायची.

टाकी दर तीन महिन्यांनी रिकामी करून घासायची आणि तारीख टाकीवर रंगानं लिहायची, लोकांना वाचता येईल एवढ्या अक्षरात. झाकणाला कुलूप, हवेच्या पाइपला जाळी. माकडं आणि पारवे असलेल्या गावांत याचं कारण सांगायला नको.

पाणी सोडताना

टाकी १२ मीटर उंच असेल तर खालच्या नळाला जास्तीत जास्त सव्वा किलोच्या आसपास दाब मिळतो, आणि वरच्या मोहल्ल्यापर्यंत त्यातलं थोडंच उरतं. म्हणून गावाचे भाग पाडून पाणी द्यायचं आणि उंचावरच्या मोहल्ल्याला वेगळी वेळ ठेवायची. व्हॉल्व्ह हळू उघडा आणि त्याहून हळू बंद करा. झटक्यानं बंद केला की पाण्याचा धक्का बसून जुना पाइप सांध्यातून निघतो.

टिल्लू पंप, म्हणजे नळाला जोडून पाणी ओढणारी छोटी घरगुती मोटर, हा आपला सगळ्यांचा शत्रू, आणि तो सरपंचाच्या घरीही असतो. काही गावं पाणी सोडायच्या वेळेला गावची लाइट बंद ठेवतात. उपाय चालतो, पण परीक्षेच्या दिवसांत बायाबापड्यांच्या आणि पोरांच्या शिव्या खाव्या लागतात. माझं मत असं की आधी टोकाच्या घरांना दाब मिळेल अशी वेळ बांधा, मग पंप जप्त करा. ज्याला पंपाशिवाय पाणीच मिळत नाही त्याचा पंप जप्त केला तर तो दुसरा आणतो. पंपानं एक वेगळा धोकाही होतो. तो पाइपमधून पाणी ओढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला पाइप बाहेरचं काहीही ओढून घेतो. बाहेर काय असतं? नाली.

ते गोल

एका श्रावणात आमच्या एका गल्लीत सात घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. टाकीचं पाणी ठीक, शेजारच्या गल्लीचं ठीक. आम्ही दोन दिवस टाकी घासत बसलो. तिसऱ्या दिवशी त्या गल्लीतल्या एका आजीनं सांगितलं की नळ आल्यावर पहिली दोन गुंडं ती झाडाला टाकते, ‘त्याले नालीवानी वास येते.’ सगळ्या तपासणीत मिळाली नाही ती माहिती त्या एका वाक्यात होती.

नळ बंद असतो तेव्हा पाइप रिकामा असतो. पाइपला बारीक चीर असली आणि तो नालीच्या पाण्यात बुडालेला असला, की तासनतास नालीचं पाणी हळूहळू आत जातं. पाणी सुटल्यावर ते पहिल्या लोंढ्यात घरात येतं आणि मग दाब आला की चिरेतून उलट बाहेर फवारे उडतात. दहा मिनिटांनी घेतलेला नमुना स्वच्छ निघतो. म्हणून संशय असेल तेव्हा नमुना पहिल्या लोंढ्याचा घ्या. आमच्या गल्लीत चीर निघाली ती अर्ध्या इंची जोडणीच्या पाइपला. घरमालकानं नालीचं कडं फोडून पाइप तळातून नेला होता, फरशी उकरायला नको म्हणून.

जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीला उघड्या विहिरीचं दूषित पाणी पिऊन कॉलरा झाला आणि माणसं दगावली. तिथं पाणी विहिरीतच बिघडलं. आपल्याकडे ते चांगल्या विहिरीतून निघून वाटेत बिघडतं, एवढाच फरक.

तर त्या गोलांचं करायचं काय? एक-एक गोल घ्या. नळ नालीच्या वरून जाईल असा उचला. उचलता येत नसेल तर नालीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना हातभर लांब, सांधा नसलेल्या मोठ्या पाइपातून तो ओवून न्या. नालीत सांधा कधीच ठेवायचा नाही. जुना गंजका जीआय (लोखंडी) तुकडा असेल तर तो काढून एमडीपीई (प्लास्टिकचा) पाइप टाका. नियमाच्या पुस्तकात पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन एकमेकींपासून ३ मीटर दूर ठेवा असं लिहिलेलं आहे. आपली गल्लीच दहा फुटांची असते. निदान नळ वर आणि नाली खाली, एवढं तरी सांभाळा. व्हॉल्व्हचे चेंबरही पाहा. पावसाळ्यात ते नालीच्या पाण्यानं तुडुंब भरतात आणि व्हॉल्व्हच्या गळ्यातली दोरी सैल असेल तर तिथूनही घाण आत जाते. चेंबरची भिंत रस्त्याच्या वर दोन विटा चढवली की काम भागतं.

नवी जोडणी देताना पाइप कुठून जाणार हे स्वतः उभं राहून पाहिल्याशिवाय मंजुरी देऊ नका. एकसष्टातले गोल आम्ही दोन वर्षांत बावीसवर आणले. उरलेल्या घरांचे मालक अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तपासणी थोडक्यात

गावातल्या पाच महिलांना फिल्ड टेस्ट किटचं प्रशिक्षण दिलेलं असतं. ते किट कपाटात पडून असेल तर काढा, रसायनांची मुदत पाहा. एचटूएसची, म्हणजे पाण्यातले जंतू दाखवणारी, बाटली भरून एक-दोन दिवस ठेवली आणि पाणी काळं पडलं तर ते पिण्याजोगं नाही, इतकं सोपं आहे. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. पाच वर्षं सलग हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. कार्ड कोणत्या रंगाचं यापेक्षा त्यात गुण कुठं गेले ते वाचा. बहुतेक वेळा गळक्या व्हॉल्व्हवर आणि विहिरीभोवतीच्या डबक्यांवर गेलेले असतात.

सांडपाणी : काळ्या मातीचा हिशेब

दिलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. ३ लाख ३० हजारातलं २ लाख ६४ हजार लिटर, रोज. योजना आखताना टाकीचा खर्च सगळे धरतात, हे पाणी कुठं जाईल ते कोणी विचारत नाही. म्हणून जिथं नळ आले तिथं दोन वर्षांत रस्त्यावर चिखल आणि डास आले.

पहिला नियम : जेवढं घरी जिरेल तेवढं घरी जिरवा. मोरीचं पाणी परसबागेला, केळी, पपई, अळूला. जागा असेल तिथं शोषखड्डा. इथं मात्र थांबून विचार करायचा. बाहेरच्या जिल्ह्यांतले शोषखड्ड्यांचे आकडे पाहून आपल्याकडे उद्दिष्ट येतं आणि सगळीकडे एकाच मापाचे खड्डे होतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा खड्डा बादलीभर पाणी घोटात पितो. पावसाळ्यात तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा तुंबतो. एप्रिलमध्ये उद्घाटन झालेले खड्डे ऑगस्टमध्ये डासांचे हौद झालेले मी पाहिले आहेत.

म्हणून चाचणी पावसाळ्यात घ्या. फूटभर खोल खड्डा खणा, पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासभर हललं नाही तर तिथं शोषखड्डा करू नका. खाली चार-पाच फुटांवर मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत खणा, तो पाणी घेतो. मुरूमही नसेल तर सरळ नाली. खड्ड्याआधी छोटी टाकी हवी, साबणाचा फेस, खरकटं आणि राख तिच्यात अडेल. दर पंधरा दिवसांनी ती घरच्यांनी साफ करायची. हे घरातल्या बाईला सांगून उपयोग नाही, तिला माहीतच असतं. घरच्या माणसाला सांगा. विहिरीपासून किंवा हातपंपापासून ५० फुटांच्या आत खड्डा नको. आणि पाषाणात भेगा असल्या तर ५० फूटही कमी पडतात.

नालीचा उतार गवंड्याच्या लेव्हल पाइपनं तपासा, डोळ्यानं नाही. नालीवर ओटे बांधले जातात, त्यावर फरश्या बसतात, आणि मग आत काय आहे ते कोणी पाहत नाही. मी उघड्या नालीच्या बाजूचा आहे. उतार नीट असलेली आणि आठवड्याला झाडली जाणारी उघडी नाली ही पाच वर्षांत एकदाही न उघडलेल्या बंद नालीपेक्षा बरी.

नालीच्या शेवटी काहीतरी हवंच. सगळ्यात स्वस्त म्हणजे जाळी, त्यापुढं गाळ बसायला टाकी, आणि पुढं उथळ तळं. रोजचं २ लाख ६४ हजार लिटर पाणी दहा दिवस ठेवायचं आणि खोली सव्वा मीटर धरायची, तर साधारण २१ गुंठे जागा लागते. ऊन आणि शेवाळ बाकीचं काम करतात, आणि उन्हाची आपल्याकडे कमी नाही. जागा कमी असेल तर खडीच्या थरात कर्दळ आणि पाणकणीस लावून त्यातून पाणी काढायची पद्धत आहे. नागपूरच्या नीरी संस्थेचं फायटोरिड हे तंत्र त्याच जातीचं, त्याला वीज जवळपास लागत नाही. यातून निघालेलं पाणी चाऱ्याला, बांधावरच्या झाडांना द्या. कोथिंबीर, पालक, मेथीला नको. ते बाजारातून पुन्हा आपल्याच ताटात येतं.

सेप्टिक टँकचं वेगळं सांगतो. बहुतेक घरांनी टँकचा बाहेरचा पाइप शोषखड्ड्याऐवजी नालीत सोडलेला असतो. मग ती नाली मोरीच्या पाण्याची राहत नाही, आणि तुमचे नकाशावरचे गोल दहापट घातक होतात. नव्या घरांना दोन खड्ड्यांचं शौचालय सुचवा. एक भरला की दुसरा सुरू करायचा, पहिल्यात दीड-दोन वर्षांत खत होतं. जुने टँक दोन-तीन वर्षांनी यंत्रानं उपसायचे. माणूस आत उतरवायचा नाही, २०१३ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि आतला वायू दिसत नाही. उपसणारा टँकर गाळ नेऊन कुठं ओततो हे विचारा. आमच्याकडचा रात्री नाल्यात ओतत होता, आमच्याच विहिरीच्या वरच्या अंगाला.

पट्टी

पाणीपट्टी ठरवताना खर्चाचा कागद साधा ठेवा : वर्षाचे युनिट गुणिले बिलावरचा दर, टीसीएल, व्हॉल्व्हमनचा पगार, दुरुस्ती, आणि पंपासाठी बाजूला काढलेले पैसे. याला घरांनी भागा आणि आलेला आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहा. १५ व्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, दोन्हीला निम्मा निम्मा. अशा पैशावर रोजच्या लाइटचा भरवसा ठेवू नका.

वसुली मार्चमध्ये करायची सवय मोडा. मार्चमध्ये आपल्याकडे कोणाच्या हाती पैसा नसतो. सोयाबीन विकलं जातं दिवाळीच्या आसपास, कापूस त्यानंतर जानेवारीपर्यंत, धानाच्या भागात डिसेंबर-जानेवारी. पावतीपुस्तक तेव्हा घेऊन निघा. मी हे बदललं आणि लोक तेच असताना वसुली वाढली.

मृगाच्या आधी

मे संपायच्या आत तीन महिन्यांची टीसीएल घरात हवी, कारण पहिल्या पुरानंतर तालुक्याला साठा संपतो. विहिरीच्या कठड्याच्या आणि भोवतीच्या ओट्याच्या भेगा बुजवून घ्या. चेंबर उपसा. पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरीचं पाणी गढूळ येतं. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होतो, तेव्हा पाणी तुरटीनं निवळून मग टीसीएल टाका, आणि त्या आठवड्यात शेवटच्या नळाची ओटी रोज करा.

आणि शेतातल्या विहिरी विसरू नका. पेरणी, डवरणी, निंदणाच्या दिवसांत अर्धं गाव दिवसभर वावरात असतं आणि तिथलंच पाणी पितं. त्यांची यादी तुमच्या कार्डात नसते, आरोग्य सेवकाच्याही नसते. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर अशा एकोणीस विहिरी आहेत. रविवारी सायकलला टीसीएलची निवळी भरलेली कॅन अडकवून निघतो. मजुरांची टोळी कोणाच्या वावरात आहे ते आदल्या रात्री पानठेल्यावर कळतं.